बाहेरची फेरी

जिल्हा घोडेस्वारी क्लबमध्ये पगार घेणारं कोणीही नव्हतं. लीद उचलण्यापासून ते स्पर्धेच्या दिवशी अडथळ्यांचे खांब रोवण्यापर्यंतची सगळी कामं हौसेने येणारी माणसं करत. कोणी कधी काय करायचं, ते खोगिरांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असे. शनिवारची सकाळ वेगळ्या स्वारांसाठी राखलेली होती. अपघातानंतर किंवा आजारानंतर ज्यांचं शरीर त्यांचं पुरतं ऐकेनासं झालं होतं अशी सातआठ माणसं त्या दिवशी येत. एकेका घोड्यामागे तिघे जण लागत. एक जण दोर धरून पुढे चाले आणि दोघे स्वाराच्या दोन्ही बाजूंना, हात लावायची वेळ न येवो अशा बेताने, पण हात पोचेल इतक्या जवळून चालत.

घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेले एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यापासून या कामात होते. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. ते आले होते खरं तर पत्नीला सोडायला. पण कुंपणाला टेकून तासभर नुसतं पाहत राहणं त्यांना जमेना, म्हणून दुसऱ्याच शनिवारी त्यांनी कंडक्टरकडे काम मागितलं. कंडक्टर म्हणजे शनिवारचा सगळा कारभार सांभाळणारी साठीची स्त्री. बसची नोकरी संपली तेव्हा तिने शिट्टी परत केली नव्हती, आणि आवाज तर परत करण्यासारखा नव्हताच.

"काम भरपूर आहे," ती म्हणाली होती, "पण आपल्या माणसाचा घोडा आपण धरायचा नाही. इथला नियम आहे."

"का बरं?"

"घरची माणसं मदत फार लवकर करतात. आम्ही थांबतो."

तेव्हा घड्याळजींच्या वाट्याला साहेब आला. दहाच्या आत काम सुरू करणं आपल्याला शोभत नाही अशी या घोड्याची ठाम समजूत होती, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. थोड्या दिवसांनी त्याच्यावर एक नवा आलेला गवंडी बसू लागला. परांचीवरून पडून कंबर मोडल्याला त्याला वर्ष झालं होतं. तोंड मात्र शाबूत होतं. आणि साहेबाच्या मागून मावशी नावाची करडी घोडी चाले. येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे हुंगून चौकशी करायची तिला सवय होती. मावशीच्या पाठीवर घड्याळजींची पत्नी असे.

तिला सारे बाई म्हणत, कारण गावातली निम्मी माणसं तिच्या शाळेतून बाहेर पडली होती. अठरा वर्षं ती मुख्याध्यापिका होती. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवा हात, उजवा पाय दोन्ही लुळे पडले. पाय बराचसा परत आला. बोलणंही आलं, पण उशिराने. शब्द मनात तयार असत, ओठांपर्यंत येताना मात्र वाटेत कुठेतरी अडत. अशा वेळी घड्याळजी ते वाक्य पुरं करून टाकत. दहातून नऊ वेळा ते बरोबर करत, आणि बाईंना नेमकं तेच सहन होत नसे.

रिंगणात मात्र त्यांना काहीच पुरं करता येत नसे. दोर धरणाऱ्याने मागे वळायचं नाही, कारण माणूस वळला की घोडाही वळतो. आणि स्वाराने स्वतः टाच लावून किंवा तोंडाने सांगितल्याशिवाय घोडा हलवायचा नाही, मग कितीही वेळ जावो. पहिल्या महिन्यात बाईंना एक 'चल' म्हणायला पुरतं मिनिट लागलं होतं. कंडक्टर दोर धरून आकाशाकडे पाहत उभी राहिली. घड्याळजी पुढे साहेबाचा दोर धरून पाठमोरे उभे होते. मिनिटानंतर मागून शब्द आला, आणि मावशी निघाली.

आता बाईंना सहा महिने झाले होते. डाव्या हाताने लगाम ओढून त्या घोडीला थांबवू शकत होत्या, वळवूही शकत होत्या. रिंगणाच्या टोकाला एक लाकडी फाटक होतं. फाटकापलीकडे झाडांतून जाणारी, तळ्याला वळसा घालून परत येणारी पायवाट होती. तिला बाहेरची फेरी म्हणत. तयार झालेल्या स्वारांना तिकडे नेत. बाई दर शनिवारी त्या फाटकाकडे पाहत असत. घड्याळजींना ते दिसत नसे, पण गवंडी सांगे.

एके दिवशी कंडक्टरने घड्याळजींना खोगिरांच्या खोलीत बोलावून एक कागद दिला. खोलीत चामड्याचा आणि तेलाचा वास होता.

"बाहेरच्या फेरीला घरच्यांची संमती लागते. खाली सही करा, पुढच्या शनिवारी आणा. बाईंना अजून बोलले नाहीये. घरून नकार आला तर उगाच आशा लावल्यासारखं होतं."

"तिला जमेल?"

"जमेल म्हणून तर कागद दिला."

पुढच्या शनिवारी घड्याळजी कागद विसरले. त्याच्या पुढच्या शनिवारी चष्मा घरी राहिला होता. तिसऱ्या शनिवारी कंडक्टरने विचारलंच नाही, नुसतं पाहिलं, आणि ते "आणतो, आणतो" म्हणत साहेबाच्या खोगिराचा तंग आवळायला वाकले. तंग आधीच आवळलेला होता.

कागद त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. दोन वर्षांपूर्वी बाई पडल्या त्या दिवशी घड्याळजी दुकानात होते. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या घड्याळाचा बारीकसा स्क्रू टेबलाखाली घरंगळला होता आणि जेवायला निघायच्या ऐवजी ते पाऊण तास गुडघ्यांवर बसून तो शोधत होते. घरी आले तेव्हा नळ चालू होता आणि बाई ओट्यापाशी जमिनीवर पडलेल्या होत्या, उघड्या डोळ्यांनी. तो पाऊण तास घड्याळजींनी कोणालाही सांगितला नव्हता. रिंगणाच्या आत निदान वाळू होती, मऊ. पायवाटेवर दगड होते, मुळं होती. ते एकदा एकटेच जाऊन मोजून आले होते.

त्या तिसऱ्या शनिवारी गवंडी बाहेरच्या फेरीला गेला. त्याच्या बायकोने सही देताना "एकदाचे घराबाहेर काढा" असं म्हटल्याचं त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी साहेबाचा दोर दुसऱ्याकडे होता. परत आल्यावर गवंडी इतका वेळ तळ्याबद्दल बोलत राहिला की शेवटी कंडक्टरने त्याला शिट्टी मारून गप्प केलं. बाई डाव्या हाताने मावशीला खरारा करत होत्या.

घरी आल्यावर घड्याळजी नेहमीप्रमाणे खाली बसले आणि बाईंच्या पायातले बूट ओढू लागले. डावा निघाला. उजवा निघेना.

"पुढच्या... शनिवारी... नको," बाई म्हणाल्या.

"नको म्हणजे? बरं वाटत नाहीये का?"

"नाव... काढून टाका." बाईंनी निघालेल्या बुटाकडे पाहिलं. "गवंडी... माझ्या नंतर आला. तो... गेला. माझ्यात काहीतरी..."

पुढचा शब्द घड्याळजींना ठाऊक होता. गेल्या दोन वर्षांत त्यांनी असे हजार शब्द न मागता पुरवले होते. हा त्यांच्या तोंडून निघेना. ते बूट धरून बसून राहिले.

"...कमी आहे," बाईंनी स्वतःच वाक्य संपवलं.

आता नुसतं "बरं" म्हणायचं, की सगळं घड्याळजींना हवं होतं तसं होणार होतं. ना पायवाट, ना दगड. बाई दर शनिवारी खिडकीशी पुस्तक घेऊन बसल्या असत्या आणि त्यांच्या नजरेसमोर राहिल्या असत्या. घड्याळजींनी बूट सोडला. कोटाच्या आत हात घातला आणि चौपदरी घडीचा कागद बाईंच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यात काही कमी नाहीये. तीन आठवडे झाले, हा माझ्याकडे आहे. मी दिला नाही."

बाईंनी कागद डाव्या हाताने उलगडला. घडीच्या जागी तो विरत आला होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत वाचला. एका पायात बूट तसाच ठेवून त्या उठल्या, भिंतीला धरत धरत जेवणाच्या टेबलाशी गेल्या, खुर्ची ओढली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. घड्याळजी बसले.

"सही."

त्यांनी सही केली.

"तारीख... आजची."

त्यांनी तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावलं. बाईंनी मान हलवली.

"अर्ज... उशिरा आला. कारण... लिहा."

"अगं, इथे कारणाचा रकानाच नाहीये."

"बाजूला."

अठरा वर्षं पालक त्यांच्यासमोर असेच बसले असतील, असं घड्याळजींच्या मनात आलं. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: कामाच्या गडबडीत राहून गेलं. बाईंनी ते वाचलं आणि कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"खरं."

घड्याळजींनी ती ओळ खोडली. मग खाली लिहिलं: मी घाबरलो होतो. लिहून झाल्यावर, कागदाकडेच पाहत, त्यांनी त्या स्क्रूची गोष्ट सांगितली. पाऊण तास, गुडघ्यांवर. सापडलाही नाही शेवटी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना बोलायचं आहे हे दिसत होतं, आणि घड्याळजी प्रथमच त्या वाक्याची नुसती वाट पाहत बसले.

"तेव्हा... तुम्ही नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणून आता... सगळीकडे... आहात."

त्यानंतर मंगळवारपर्यंत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. उजव्या पायातला बूट त्यांनी स्वतः काढला. त्याला अर्धा तास लागला.

शनिवारी कंडक्टरने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि समासातली ओळ वाचली, खोडलेलीसुद्धा.

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"तिने."

"वाटलंच. माझ्या मुलालाही बाईंनी एकदा वर्गाबाहेर उभं करून लिहायला लावलं होतं." तिने कागद फाईलमध्ये ठेवला. "घड्याळजी, तुम्ही आज कुंपणापाशी थांबलात तरी चालेल. साहेबाला मी माणूस देते."

बाई रिंगणाशेजारच्या ओट्यावर चढून मावशीवर बसत होत्या. त्यांनी पाय रिकिबीत अडकवला. मग म्हणाल्या, "नाही. हे... पुढे."

अशा रीतीने त्या दिवशी साहेब पुढे निघाला, त्याच्या पाठीवर गवंडी आणि दोराला घड्याळजी. मागे मावशी, दोराला कंडक्टर, दोन्ही बाजूंना दोघे. फाटक उघडलं. वाळू संपली आणि खुरांचा आवाज बदलला. घड्याळजींनी नजर पुढच्या वाटेवर ठेवली. मागून चार खुरांचा ठेका येत होता, सावकाश, पण न चुकता. पहिलं मूळ आलं. ठेका क्षणभर मोडला आणि पुन्हा जुळला. दुसरं आलं. तिसऱ्यानंतर त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

"काका," गवंडी वरून म्हणाला, "मला मागे बघता येतं. कशा बसल्यात सांगू?"

"नको."

"चांगल्या..."

"नको म्हटलं ना. पुढे बघ, पडशील."

"मी पडण्यात मुरलेला माणूस आहे," गवंडी म्हणाला, पण पुढे बघू लागला.

वाट झाडांतून बाहेर आली. घड्याळजींच्या समोर आता उंच काटेरी कुंपण होतं; तळं डावीकडे, खांद्यामागे राहिलं होतं. इथे मागचे खूर थांबले.

तेही थांबले. साहेब तर थांबायला निमित्तच शोधत होता. घड्याळजींनी कान दिला. शिट्टी वाजली नव्हती. कोणी ओरडलं नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी कुंपणाला विचारलं.

गवंडी वळला. "काही नाही. त्यांनीच लगाम ओढला."

"का?"

"ते मला कसं कळणार? तळ्याकडे बघतायत."

वारा सुटला होता. तिला थंडी वाजेल, शाल आणायला हवी होती, उजवा पाय इतका वेळ लोंबकळत राहिला की अवघडतो, परत फिरलेलं बरं. एवढं सगळं घड्याळजींच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. त्यातलं काहीही ते बोलले नाहीत.

"सगळे..." मागून बाईंचा आवाज आला. "जरा..."

आणि शब्द अडला. गवंड्याने मदतीला तोंड उघडलं. घड्याळजींनी वर न पाहताच हात उचलून त्याला गप्प केलं. कुंपणावर एक पाखरू येऊन बसलं, काही तरी टिपून उडून गेलं. मावशीने नाक फुरफुरवलं.

"...थांबा."

सगळे थांबले. कंडक्टरसुद्धा, जिने आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून बस थांबवली नव्हती.

"किती वेळ?" गवंड्याने हळूच विचारलं.

"ती सांगेल," घड्याळजी म्हणाले.

साहेबाने मान खाली घालून वाटेकडेच्या गवताला तोंड लावलं. फेरीवर असताना घोड्याला चरू द्यायचं नसतं. घड्याळजींनी दोर हातभर सैल सोडला आणि त्याला खाऊ दिलं.