चमचे वाजण्याआधी

सुट्टीच्या दिवशी पहाटेच तो हॉल गच्च भरायचा. पूर्वी तिथे नाचाचा क्लास होता, त्यामुळे भिंतींना आरसे, आणि आरशांत जिकडे बघावं तिकडे आखडलेले हात. सगळे संधिवाताने पिडलेले. प्रत्येकापुढे रिकामं ताट, ताटात चमचा. पथ्यगुरुजी माइकवरून म्हणायचे, "उचला चमचा." कुणालाही उचलता यायचा नाही. मग गुरुजी चमच्याला हात लावायला बंदी करायचे, सगळ्यांचे हात गरम पाण्यात बुडवून घ्यायचे, चोळून घ्यायचे आणि बोलायला लागायचे.

"सांधे म्हणजे काय, मंडळी? पोटाने केलेले तक्रारअर्ज! जन्मभर जे जे चापलंत, ते तुमच्या मनगटात मुक्काम ठोकून बसलंय."

हा मुक्काम हलेपर्यंत ऊन आरशांवर चढायचं. मग ताटात वाढलं जायचं : भाज्या, कडधान्यं, माशाचा तुकडा, फळं. पहिले घास सेवक भरवायचे. गुरुजी पुन्हा म्हणायचे, "उचला." आणि हॉलभर चमचे खणखणायचे. लोक ढसाढसा रडायचे.

चष्मेवाली रडायची नाही. ती चष्म्याच्या दुकानात काड्या बसवायची, तिळाएवढे स्क्रू पिळायची. बोटं गेली तर नोकरी गेली, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या, कारण गोळी आणि ताट एका पोटात नांदत नाहीत, असं गुरुजींचं म्हणणं. चमचा उचलला की शेजारणी गळ्यात पडायच्या. तिला मात्र काहीच वाटायचं नाही. दुखण्याशी भांडून भांडून तिच्या मनालाच बधिरपणा आला होता.

एके दिवशी तिला सोडायला नणंद आली आणि तिच्यासोबत हॉलमध्येच बसली. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हे थोतांड वाटायचं, पण वहिनीपुढे ती गप्प बसायची. नेमका त्याच दिवशी स्वयंपाकघरातला गॅस संपला. ऊन आरशांच्या वरच्या कडेला पोचलं तरी जेवणाचा पत्ता नाही. गुरुजींचे विषयही संपत आले.

चष्मेवालीशेजारी एक म्हातारी होती. तिच्या चष्म्याची काडी लोंबकळत होती. चष्मेवाली ती काडी मघापासून बघत होती. तिने सवयीने पर्समधला बारका पेचकस काढला, म्हातारीच्या नाकावरून चष्मा उतरवला आणि स्क्रू चिमटीत धरून पिळून दिला.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "ताट तर अजून रिकामंच आहे."

चष्मेवालीने हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या ताटाकडे.

नणंद उठून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना चमचा उचलून बघायला सांगितलं. आधी कुणी धजेना. म्हातारीने उचलला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. उपाशीपोटी चमचे वाजू लागले. गुरुजी गडबडीने माइककडे धावले. "बघा, नुसत्या वासाने गुण आला!"

"गुरुजी, अजून गॅस पेटलेला नाही," स्वयंपाकीण दारातून म्हणाली.

मग नणंदेने वर्गात सांगावं तसं सांगितलं. या आजारात सांधे पहाटे आखडतात आणि दिवस वर आला, हालचाल झाली, की हळूहळू आपोआप सुटतात. गरम पाण्याने थोडी मदत होते. गुरुजी तेवढा वेळ बोलत राहतात आणि श्रेय ताटाला देतात. "ताटाने बरे झाला असाल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मूठ वळायला हवी. कुणाची वळते?"

एकही हात वर झाला नाही. आरशांतसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी चष्मेवालीच्या हाताचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. गोळ्या बंद होत्या त्या काळात उजव्या हाताचं एक बोट कायमचं तिरकं झालं होतं. "ते ताट चांगलंच होतं," डॉक्टर म्हणाले. "जरूर खा. वजन आटोक्यात राहील, हृदयाला बरं. पण सांधा आतून झिजतोय, ते झिजणं भाजीने थांबत नाही. त्याला औषध लागतं."

"आपोआप सुटतं, हे मला माहीत होतं," घरी येताना चष्मेवाली म्हणाली. "सुट्टी नसेल तेव्हा मी रोज तशीच तर दुकानात कामाला बसते. मग का जात होते गं मी?"

नणंदेने वहिनीचा हात हातात घेतला. चष्मेवालीला त्या तिरक्या बोटाचं वाईटही वाटत नव्हतं, आणि याचीच तिला भीती वाटली. कितीतरी दिवसांत तिला वाटलेली ती पहिलीच गोष्ट होती.

आता ती भाजी, कडधान्यं, मासे खाते आणि गोळ्याही घेते. स्क्रू मधल्या बोटाने धरायला शिकली आहे. काम सावकाश होतं, पण होतं. तुमचीही मूठ सकाळी वळत नसेल, तर पोटभर चांगलं खा आणि डॉक्टरांना हात दाखवा. आणि कुणी म्हणालं की मूठ माझ्यामुळे वळली, तर त्याला एवढंच विचारा, की काल तुम्ही नसताना ती कुणामुळे वळली होती.