एका ओहोटीचं अंतर

६३७१. पृथ्वीची त्रिज्या, किलोमीटरमध्ये.

डब्यात चिंबोऱ्यांचं कालवण.

मुरुडचा जगन. डावखुरा, हसताना तोंडावर हात ठेवतो.

आजची ओहोटी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लागली होती.

मालूनं कळ दाबली. मोठागाव ते मुरुड: ५,९१२.

"सहा हजार?" परशुराम मागून वाकला. "मंग इमानानंच जायला लागंल गो, बाय."

"थांबा ना बाबा. अक्षांश-रेखांशांचं माप बदलायचं राहिलं."

१९९६चा रविवार, खोपटजवळच्या त्या छोट्या ऑफिसात दोघंच. अक्षांश-रेखांश दिले की दोन गावांमधलं अंतर सांगणारी लायब्ररी मालू लिहीत होती, कुणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यावी अशी. बाबा डबा घेऊन आले होते खरे; पण मालूसाठी आलेल्या जगनच्या स्थळाला होकार कळवायचा की नकार, ते महिनाभर अडलं होतं.

कारण मोठागावच्या परशुरामच्या घराण्यात लेक द्यायची ती एका ओहोटीच्या अंतरावर. ओहोटीबरोबर होडी सोडायची, लेकीच्या हातचं जेवायचं, भरतीबरोबर परत. थोरल्या मंजुळेला तशीच कोलशेतला दिली होती. लहानगी मालू होडीच्या पुढच्या टोकाला बसून जायची. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला की ताईच्या घरचा वास येतो, असं तिला वाटायचं. ताई धक्क्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. जेवताना बाबांचं अर्धं लक्ष खाडीकडे. "पानी फिरला," म्हणत ते अर्ध्या ताटावरून उठायचे, आणि ताई उरलेली भाकरी फडक्यात बांधून मालूच्या मांडीवर ठेवायची.

मालूनं पुन्हा कळ दाबली. १००.४.

"शंभर," ती हळूच म्हणाली.

"म्हंजे ओहोट्या किती?"

"ओहोट्या याला कळत नाहीत, बाबा. एसटीनं पाच-सहा तास."

परशुराम खुर्चीवर टेकला. पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडत होते. त्यानं त्यांच्यावर डबा ठेवला.

"जगनच्या घरात फोन हाय?"

"आहे."

"आनि आपल्याकडं?"

"शेजारी ठमाबाईंकडे आहे की. हाक मारतात त्या."

"हं." तो पडद्याकडे वळला. "कोलशेत टाक."

मालूची बोटं थबकली. मग तिनं आकडे टाकले, एकेक करून.

९.६.

परशुरामनं काचेवर, आकड्याखाली बोट ठेवलं.

"येवढासाच?"

त्यानं बोट पंचाला पुसलं, डबा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला.

"जेव. आनि मुरुडवाल्यांना फोन लाव. येत्या एतवारी या म्हनावं."

मंजुळा १९८६ साली बाळंतपणात वारली. कोलशेतहून निरोप मोठागावला तिसऱ्या दिवशी पोचला.