तिसऱ्या प्रश्नाचं रडणं

"पाणी घ्या काका, बरं वाटेल," असं म्हणून पोराने ग्लास पुढे सरकवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की काका रडलेलेच नाहीत.

चूक त्याची नव्हती. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाच्या कानात सांगून ठेवलेलंच होतं: मनोविकारांच्या परीक्षेला रुग्ण म्हणून रेकॉर्डकाका बसतात, तिसऱ्या प्रश्नाला रडतात, तेव्हा पेन खाली ठेवून पाणी द्यायचं, दोन मार्क कुठे जात नाहीत.

खऱ्या रुग्णाला परीक्षेत बसवणं बरं नव्हे, म्हणून परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी अकरा वर्षांपूर्वी ही शक्कल काढली होती. काका रुग्णालयाच्या रेकॉर्ड-रूमचे कारकून. जुन्या फायलींत जन्म गेलेला माणूस, शाळेच्या नाटकात साधं झाडही झालेला नव्हता. मॅडमनी त्यांच्यापुढे जाड पुस्तकातलं नैराश्याचं प्रकरण उघडून ठेवलं. त्यात एका दुकानदाराची हकिगत होती. बायको जाऊन वर्ष झालेलं, झोप नाही, भूक नाही, तिचा विषय निघाला की ढसाढसा रडतो. काकांनी ती चार पानं स्वल्पविरामासकट पाठ केली. तेव्हापासून दरवर्षी एक दिवस ते दुकानदार होत आणि बारा विद्यार्थ्यांपुढे बारा वेळा रडत. घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज किती वेळा मारलंत मला?" आणि दोघं पोट धरून हसायची.

दीड महिन्यापूर्वी ती खरोखरच गेली. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत सगळं आटोपलं. घर रडलं, शेजार रडला, काकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आधी लोक म्हणाले, धीराचा माणूस. मग म्हणाले, दगड आहे. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात तसं त्यांना आतून सगळं बधिर झालं होतं, पण हे सांगायचं कसं आणि कुणाला, ते त्यांना कळत नव्हतं. पाहुणे पांगल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "परीक्षेत बारा वेळा रडता ना बाबा? आईसाठी एकदासुद्धा नाही?" त्या दिवसापासून ती कामापुरतं बोलायची. एकुलती एक पोर. तीही हातची चालली आहे हे काकांना दिसत होतं, आणि दिसत असून तोंडाला कुलूप.

"या वर्षी दुसरं कुणीतरी बघते," मॅडम म्हणाल्या होत्या.

"कशाला? पाठ आहे मला," काका म्हणाले होते. मनात वेगळंच होतं. वाटलं होतं, सवयीने तरी रडू येईल.

आलं नाही. पहिल्या तिघांच्या वेळी काकांनी दुकानदाराची उत्तरं बरोबर दिली, फक्त डोळे कोरडे. तिघांनीही पाणी दिलं आणि कागदावर 'रुग्ण रडतो' असं लिहून दिलं.

चौथी आली ती सडपातळ, चष्मेवाली मुलगी. तिसरा, बायकोबद्दलचा प्रश्न झाला. तिने ग्लासला हात लावला नाही. जरा वेळ काकांकडे बघत राहिली.

"रडू येतं का तुम्हाला?"

हा प्रश्न यादीत नव्हता. काकांच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर निघेना.

"नाही."

"यावंसं वाटतं?"

"खूप वाटतं."

"मग काय होतं?"

"काहीच होत नाही. मी रुमाल घेऊन बसतो. तो तसाच घडी केलेला राहतो."

"किती दिवस झाले त्यांना जाऊन?"

"दीड महिना."

मुलीने मान खाली घालून लिहिलं, कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून गेली. मॅडमनी कागद वाचला आणि लाल पेन उचललं.

"रडणं नोंदवलेलं नाही, कालावधी चुकलेला. हिला परत बसावं लागेल. आणि काका, तुम्हीही आज मनाचंच काय सांगत होतात?"

काका गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. जन्मभर तेच तर केलं होतं. पण चांगली पोर फुकट नापास होत होती.

"तिचं बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले. "दुकानदाराचं नव्हतं ते. माझं होतं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "मी मागे बसून ऐकत होते, तरी मला कळलं नाही."

"मला तरी कुठे कळलं होतं? काय लिहिलंय तिने?"

मॅडमनी कागद पुढे केला. काकांनी तो दोनदा वाचला.

"याची झेरॉक्स मिळेल? माझ्या मुलीला दाखवायचीय."

"परीक्षेचा कागद बाहेर देता येत नाही हो." मॅडमचा आवाज उतरला होता. "पण हवा तितका वेळ वाचा. बाहेरच्यांना थांबायला सांगते."

काकांनी तिसऱ्यांदा वाचला, मग ओठ हलवत चौथ्यांदा. पाठांतर तेवढं त्यांना येत होतं.

संध्याकाळी घरी मुलीने दार उघडलं आणि नेहमीसारखी पाठ फिरवून ओट्याकडे गेली. काका बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, हात सरळ ठेवून, शाळेत कविता म्हणतात तसे.

"रुग्ण पुरुष, वय अंदाजे सत्तावन्न," त्यांनी सुरुवात केली. "पत्नीच्या मृत्यूस दीड महिना. रुग्ण रडत नाही. दुःख नाही म्हणून नव्हे. दुःख झेपण्यापलीकडचं आहे, म्हणून रडू येत नाही. रुग्ण पत्नीबद्दल बोलताना दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरतो. सल्ला: हा निष्ठुरपणा नव्हे, हे घरच्यांना समजावून सांगावे. रुग्णाला एकटे ठेवू नये."

मुलीच्या हातातला चमचा थांबला होता.

"कुणाचं आहे हे?"

"माझं," काका म्हणाले. "आज कळलं."

तिने गॅस बंद केला, आली, आणि खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडू लागली.