मिडगार्डचा धाकटा

"अबब, एवढी साईची लापशी! मी काय उद्याच निघालोय का?" हाल्वोर मिडगार्डने छपाईच्या खिळ्यांच्या पेटीवरून मान वर केली आणि तोंडभर हसला. "बोट मे महिन्यात आहे, आस्लाउगबाई. अजून दोन महिने छळणार आहे मी तुम्हाला."

आस्लाउग ब्रेक्के फडक्यात बांधलेलं लाकडी भांडं घेऊन दारात उभी होती. सत्तरी उलटलेली विधवा, नॉर्वेतल्या हाल्वोरच्याच दरीतली. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात 'हिल्सेन' नावाचं नॉर्वेजियन साप्ताहिक निघत असे. त्याचा संपादक हाल्वोर, खिळे जुळवणारा जुळारी हाल्वोर आणि झाडू मारणाराही हाल्वोरच. दर शुक्रवारी ही बाई यायची आणि अंकातल्या चुकांवरून त्याची यथेच्छ खरडपट्टी काढायची. आज ती एक शब्द बोलली नाही. तिथेच त्याला शंका यायला हवी होती, पण स्वारी भलतीच खुशीत होती.

मायदेशाच्या राज्यघटनेला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. सोहळ्यासाठी इथल्या माळरानावरची निम्मी नॉर्वेजियन माणसं परत जाऊन येणार होती. हाल्वोरही सगळ्यांना सांगायचा, सोहळ्याला चाललोय म्हणून. साफ खोटं! त्याला जायचं होतं ते थोरल्या भावाकडे, टार्येईकडे. एकतीस वर्षांत दोघांनी एकमेकांना चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

"आणि बरं का," तो म्हणाला, "टार्येईसमोर गेलो की आधी टोपी काढणार. म्हणणार, दादा, चूक माझी होती. मग तो शिव्या देईल. देऊ दे! त्याच्या शिव्या ऐकायलाच तर चाललोय."

भांडण वरच्या कुरणावरून झालं होतं. बाप गेला, रिवाजाप्रमाणे मिडगार्डची शेतीवाडी थोरल्याकडे आली आणि धाकट्याने आकांडतांडव केलं. अमेरिकेला निघायच्या दिवशी टार्येई फाटकापर्यंत आला, हात पुढे केला. हाल्वोरने सामानाची पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवली, हात मोकळाच नाही असं दाखवायला. पेटी काही जड नव्हती. आत होतंच काय!

"हाल्वोर," आस्लाउग खुर्चीवर टेकली. "वेड पांघरतोयस, का खरंच ठाऊक नाही तुला?"

"काय?"

"अरे, ही लापशी दुःखाच्या घरी आणतात तशी आणलीय मी. तूच छापलंस, आणि मलाच विचारतोस? मागच्याच अंकात. टार्येई स्लेट्टा, वय अडुसष्ट."

हाल्वोरला आधी हसूच आलं. "तो स्लेट्टाचा कुणीतरी! आमचा टार्येई मिडगार्डचा. मायदेशाहून पत्रं आली की मी आधी मिडगार्ड शोधतो, दर आठवड्याला. एकतीस वर्षं शोधतोय. मला सांगताय?"

"मिडगार्ड विकून सात वर्षं झाली. लाकडाच्या व्यापाऱ्यानं घेतलं. टार्येई ओढ्यापलीकडं स्लेट्टावर गेला, कुळाच्या खोपटात. माझ्या भाचीनं तेव्हाच कळवलं होतं. मला वाटलं, तुझं तुला ठाऊक असणार, जखमेवर मीठ कशाला चोळा." ती पुढे वाकली. "स्लेट्टावर राहील तो स्लेट्टाचाच म्हणवणार ना रे? दरीचा एवढा रिवाज विसरलास?"

तो खरंच विसरला होता. इथे अमेरिकेत कुणी कुठेही बिऱ्हाड हलवलं तरी आडनाव बरोबर नेत असे. त्यानेही नेलं होतं, आणि तिकडे आपला भाऊही त्याच नावाखाली सापडेल, असं धरून बसला होता.

"म्हणजे मीच जुळवली ती बातमी," तो पुटपुटला. "या हातांनी. आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही हो!"

"कसं वाटणार, लेकरा?" पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाला ती म्हणाली.

तो उठला आणि मायदेशाहून आलेल्या पत्रांचा गठ्ठा उपसू लागला. मूळ बातमी सापडली. पहिल्या दोन ओळी त्याने घेतल्या होत्या. खालच्या ओळीवर त्याचीच निळी पेन्सिल फिरली होती. दरीतल्या प्रत्येक मरणाच्या बातमीखाली तशी एक ओळ असायचीच. जागा कमी पडली की तो तीच आधी छाटायचा.

"काय लिहिलंय खाली?" आस्लाउगने विचारलं.

हाल्वोरने कागद उजेडाकडे धरला. "'मागे एक भाऊ. अमेरिकेत गेला; हयात आहे की नाही, ठाऊक नाही.'"

आस्लाउगने शालीच्या टोकाने डोळे पुसले. मग काहीच न सुचून भांड्यावरचं फडकं सोडलं आणि चमचा शोधू लागली.

"थांबा जरा," तो म्हणाला. "अंक उद्या जायचाय."

पहिल्या पानावर सोहळ्याला जाणाऱ्यांची यादी जुळवून तयार होती. तिच्यातून त्याने आपलं नाव काढलं. मोकळ्या जागेत टार्येईची बातमी पुन्हा जुळवली, या खेपेला एक अक्षरही न छाटता. दोन खिळे खाली पडले, ते आस्लाउगने वाकून उचलून दिले. शेवटी त्याने स्वतःची एक ओळ जोडली.

"भाऊ हयात आहे."