तिसरी पिन

धुळ्यातल्या त्या घरी हॉलमध्ये सोफा नव्हता, कारण सोफ्याच्या जागी पिनबॉलचं मशीन होतं. संघपालने ते जळगावच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून उचलून आणलं होतं. काचेखाली स्टीलची गोळी धावते आणि बटणं दाबून तिला परत वर हाणायचं, एवढाच तो खेळ. पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर माणूस, पण ऑफिसातून आला की बुटासकट तिथे उभा राहायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते. अलीकडे त्याने मशीनला बाहेरून एक दांडगा सबवूफर जोडला होता आणि तो जोडल्या दिवसापासून घूंऽऽ करत होता. खेळ चालू असो वा नसो, घूं चालूच.

त्याची बायको शिल्पा त्या घूंवर मनातून खूश होती. तिचा भाऊ आधार शिंदखेड्याला साउंड सिस्टिमचा धंदा करायचा. जयंतीच्या मिरवणुकीत, भर चौकात, संघपालने कमिटीचा सेक्रेटरी म्हणून त्याची सिस्टिम बंद पाडली होती आणि वर "हा गोंगाट उचला" असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. आता आधारला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं आणि आत्या एकच, शिल्पा. पण संघपाल म्हणायचा, त्याने आधी माझ्या घरी यावं. आणि आधार म्हणायचा, त्याने आधी मला बोलवावं. पाळण्यापाशी आपण नसणार या विचाराने शिल्पाचा जीव तुटत होता. म्हणून तिनेच भावाला फोन करून सांगितलं, "भाऊ, सबवूफर बिघडना शे, तुना दाजीनी बलायं शे." सबवूफर बिघडला हे खरं, दाजीने बोलावलं हे खोटं.

आधार आला. पाण्याचा तांब्या पुढे केला तर "तहान नही" म्हणाला आणि सरळ मशीनपाशी उकिडवा बसला. संघपाल हाताची घडी घालून भिंतीला टेकला.

आधारने आधी मशीनचा आवाज कमी करून पाहिला, घूं तेवढंच. मशीनकडून येणारी केबल उपसली, घूं थांबलं. पिशवीतली स्वतःची केबल लावली, घूं पुन्हा हजर.

"सबवूफर चांगला शे, केबलबी चांगली शे," तो शिल्पाकडे बघून म्हणाला. जणू घरात दुसरं कोणी नव्हतंच. "मशीन एक बोर्डवर, हाऊ दुसरा बोर्डवर. दोन्हीस्नी अर्थिंग येगळी. म्हनीसन घूं करस."

"मग दोन्ही एकाच बोर्डवर लावा," संघपाल म्हणाला. "एवढ्यासाठी शिंदखेड्याहून यायची गरज नव्हती."

झालं! आधारच्या कानशिलाची शीर उडाली. एक्स्टेन्शन बोर्ड आणला असता तर काम दोन मिनिटांचं होतं. पण दाजीचं ऐकणं म्हणजे नाक कापून देणं. त्याने पिशवीतून पक्कड काढली, मशीनचा प्लग उपटला आणि त्याची वरची जाड पिन कट्‌दिशी तोडली.

"अरे, ती अर्थिंगची पिन आहे!"

"मांडवमा कोठे अर्थिंग ऱ्हास, साहेब? आम्ही सगळास्न्या तोडतस."

प्लग परत लावला. घूं गेलं. घर इतकं शांत झालं की शिल्पाला हसू फुटलं. ती धावत चहा ठेवायला गेली. भाऊ चहाला नाही म्हणाला नव्हता, नवराही काही बोलला नव्हता. रविवारी कोणती साडी नेसायची, इथपर्यंत ती पोचलीसुद्धा.

ट्रे घेऊन बाहेर येते तो संघपालची जीभ वळवळली होती. "चौकात एवढं शांत ठेवलं असतं, तर मला बंद करायची वेळ आली नसती."

आधार ताडकन उठला. "माले बलाईसन माना अपमान कराना व्हता का?"

"मी कुठे बोलावलं? ही घे तुझी केबल!" संघपालने ती हिसकून काढली आणि त्याच्या अंगावर फेकली.

शिल्पा मध्ये शिरली. अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर. तोल सावरायला तिने मशीनची स्टीलची कड धरली आणि किंचाळून मागे पडली. कपबशा फुटल्या. त्या जुन्या मशीनच्या पत्र्यात उतरणारी वीज जमिनीत न्यायला पिन तोडल्यावर एकच वाट उरली होती, ती केबल. एकाने पिन मोडली, दुसऱ्याने केबल उपटली.

"पिन यानेच तोडली!"

"केबल कोनी काढी?"

पाच मिनिटं हेच चाललं. दोघांना भांडायला नवा विषय मिळाला होता. शिल्पा काचांमध्ये बसून होती, हात कोपरापर्यंत बधिर, आणि तिच्याकडे कोणीही बघत नव्हतं. तिला रडू आलं नाही, संताप आला. ती उठली आणि मेन स्विच खाली ओढला.

"मी मरता मरता वाचले," ती म्हणाली. "दोघांपैकी एकाने तरी विचारलं का? रविवारी मी जाणार. एकटी. अहो, तुम्ही येऊ नका. आणि भाऊ, तू माले लेवाले येऊ नको."

रविवारी ती एसटीने शिंदखेड्याला उतरली. मांडवात आधारने भलामोठा फलक लावला होता, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव: रियांशी. आत्याने फक्त कानात म्हणायचं, ठरवणारे ठरवून मोकळे झाले होते. वहिनीने बाळ पुढे केलं. शिल्पा वाकली, बाळाच्या कानाशी ओठ नेले, मग मान वर करून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "विशाखा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आधार फलकाखालून धावत आला, चेहरा लालबुंद. "हाई काय करं वं तू?"

शिल्पाने पाळण्याची दोरी हातात घेतली. "नाव ठेवं," ती म्हणाली. "आत्या मी शे."