पुन्हा विचारलेला प्रश्न

पुराने बेघर झालेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास कल्याणी करत होती. त्यासाठी ती धायरीतल्या एका शाळेत, पूरग्रस्तांच्या छावणीत आली होती. प्रश्न एकांतात विचारायचे, हा पहिला नियम. पण समोर बाकावर बसलेल्या राधाचा नवरा सीताराम शेजारीच तांब्या घेऊन बसला होता आणि त्याला ऊठ म्हणायचं कल्याणीला जमलं नाही.

"घरात कोणाची भीती वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूप."

"शून्य," राधा चाचरत म्हणाली.

"लिहा की मॅडम," सीताराम हसला. "घर पाण्यात गेलं, आता नवरा पण नेता का?"

उत्तर चाचरत आलं तर प्रश्न पुन्हा विचारायचा, हा दुसरा नियम. तो मात्र कल्याणीने पाळला. या वेळी राधा गप्प राहिली.

सीतारामने तांब्या तिच्या कपाळावर हाणला. केस धरून तिचं डोकं बाकावर आपटलं, पुन्हा आपटलं. मध्ये पडलेल्या कल्याणीच्या मनगटावर पुढचा घाव बसला आणि हाड मोडलं. शेवटी छावणीतल्या चौघांनी धावत येऊन त्याला जमिनीवर दाबून धरलं.

कपाळावरचं रक्त राधाच्या डोळ्यांत ओघळत होतं.

"शून्य सांगितलं होतं ना ताई," ती म्हणाली. "परत कशाला विचारलंत?"