इथं दुखतंय का, मावशी?

खवला पापलेटाचा नव्हता — पापलेटाचे खवले कुठे एवढे असतात — घोळीचाच असणार, सकाळी शेजारच्या मंजुळाने दारात घोळ साफ केली तिथला, नखाएवढा, ओला असताना चिकटलेला आणि आता वाळून उजव्या पायाच्या अंगठ्यावर बसलेला, आणि पुष्पलताला तो दिसत होता म्हणून तो होता. नाहीतर सातपाटीहून पालघर, पालघरहून बोईसर एवढ्या वाटेत पायाने काही त्याची चुगली केली नव्हती. तिने डाव्या पायाने तो खरवडायला घेतला. डावा पाय भलतीकडेच घासत बसला. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तशातली गत! वैतागून तिने दोन्ही पाय दवाखान्याच्या बाकाखाली ओढून घेतले.

आणि पाय उघडे कशाने, तर चपला बाहेर काढायच्या म्हणून. ‘आंटी, चप्पल बाहर,’ काउंटरवरची पोरगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली होती. तिकडे पालघरच्या डॉक्टरीणबाई दर खेपेला बजावणार, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, काच घुसली तरी तुम्हाला कळायची नाही. आणि इकडे पाय बरे करून घ्यायला यावं तर आधी चपलाच काढून घेणार. जो तो आपलं खरं करणारा. माणसाने ऐकायचं तरी कुणाचं?

धर्मेशचं ऐकलं म्हणून ती इथे होती. मुलगा तारापूरला केमिकलच्या कारखान्यात; पावसाळ्यात त्याची मान धरली, या मणके बसवणाऱ्या डॉक्टरने म्हणे डोकं दोन्ही हातांत धरून एकदाच वळवलं — कट्ट! — आणि मान मोकळी. तेव्हापासून धर्मेश त्या डॉक्टरचा भगतच झाला. जेवताना तेच, झोपताना तेच. ‘आये, सगल्या नसा मनक्यातूनच जातान ना? मनका जाग्यावर बसला का पाय जागं होतील.’ बोलायला काय जातं! मणका म्हणजे काय घरातला फ्यूज आहे, दाबला की लाइट आली? पण आज तो स्वतःच तिला मोटरसायकलवरून इथे सोडून शिफ्टला पळाला होता, आणि ती मुकाट्याने आली होती, हेच तिला सगळ्यात जास्त खुपत होतं.

म्हणजे विचारलं नव्हतं असं नाही. सगळ्यांना विचारून झालं होतं. मंजुळा म्हणाली, जाऊ नको गो, एकाची मान म्हैनाभर वाकडी राहिली; आणि तीच मंजुळा दुसऱ्या दिवशी म्हणाली, पण एक बाई बरी होऊन पळत घरी आली. सून रिद्धी रात्री मोबाइल घेऊन बसायची — ‘आई, हितं लिवलंय चालतं… थांबा, हितं लिवलंय जपून…’ आणि डॉक्टरीणबाई. त्या निदान खुर्चीत नीट बसवून बोलल्या. साखरेने पायांच्या टोकाच्या नसा खराब झाल्यात, त्या काही मणक्यात दबलेल्या नाहीत, त्यामुळे मणका दाबून मोकळ्या होणार नाहीत. कंबर आखडते त्यासाठी हलक्या हाताने कुणी काही केलं तर एक वेळ चालेल. पण मानेला झटका नको, तुमची हाडंही आता ठिसूळ असतील, आधी तपासायला हवीत. आणि गेलातच तर त्याला सगळं सांगा. सगळं. काही लपवू नका.

एक वेळ चालेल! गेलातच तर! पुष्पलताला या असल्या बोलण्याची चीड यायची. चाळीस वर्षं ती पालघरच्या बाजारात मासळी विकत होती, गिऱ्हाईकाने ‘ताजा आहे का गं?’ विचारलं तर ‘एक वेळ ताजा असेल’ असं तिने कधी सांगितलं होतं? ताजा हाय. बस. आपल्या पाटीतल्या मासळीची खोड आपल्या तोंडाने काढायची नाही, ज्याला शंका असेल त्याने दाबून बघावं — सासूने पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते एवढंच, आणि तेवढ्यावर सगळा संसार उभा राहिला होता.

दाबून बघावं…

पायांचं ती कुणालाही सांगायची. पाय सुन्न झालेत, पायांत मुंग्या येतात, हे बंदरावरच्या निम्म्या बायकांचं असतं, त्यात लाज कसली. पण बोटांचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. होळीनंतर कधीतरी सुरू झालं असावं. लिलावाला पापलेटाचा ढीग पुढे आला की तिचा अंगठा आपोआप माशाच्या पोटावर जायचा, मांस खाली गेलं की लगेच वर आलं पाहिजे, वर येताना ते अंगठ्याला ढकलतं, आणि त्या ढकलण्यावर ती बोली लावायची — डोळ्यांचं काम नंतर. आता अंगठा जायचा, दाबायचा, आणि पुढे काहीच नाही. दाराची कडी वाजवावी आणि आतून कुणी बोलू नये. माशाचे डोळे असतात, कल्ले असतात, बघून ओळखायला सगळं असतं, पण लिलाव काय तिच्यासाठी थांबतो? आणि मग एके दिवशी मऊ पडलेला माल तिच्या गळ्यात आला, तिने तो ‘ताजा हाय’ म्हणून विकला, आणि नेहमीच्या बामणआळीतल्या बाई दुसऱ्या दिवशी तिच्या समोरून सरळ शेजारणीच्या पाटीकडे गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. बोटं गेली तर बाजार गेला, आणि बाजार गेला तर ती कोण? धर्मेशची आई. घरात बसून सीरियल बघणारी. म्हणून ती आली होती, पायांसाठी नाही. आणि हे तिला स्वतःशी म्हणतानाही संताप येत होता.

‘पुष्पलता तांडेल?’

डॉक्टर धीरज म्हणजे अगदीच पोरगा निघाला. हसरा, हात मात्र केवढे मोठे. त्याने बसवलं, विचारलं. ‘काय त्रास होतो, मावशी?’

‘मान धरते. कंबर धरते.’

‘शुगर, बीपी?’

‘नाय.’

‘हातपाय बधिर होतात? मुंग्या? तोल जातो कधी?’

डॉक्टरीणबाईंचा चेहरा क्षणभर डोळ्यांपुढे आला. पण सगळं सांगितलं तर हाही ‘जपून’ म्हणणार, ‘बघू’ म्हणणार, आणि ती पुन्हा आहे तिथेच. एकदाचं कट्ट होऊ दे काय व्हायचं ते! ‘काय नाय, बाबा. नुसतं धरतं,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज बाजारातल्यासारखा खणखणीत लागला.

तिला पालथं झोपवलं. त्या बाकाला तोंडासाठी एक भोक होतं, त्यातून खालची फरशी दिसत होती, पांढरीफटक. तो पाठीवरून एकेक मणका चाचपत निघाला. इथं दुखतंय का, मावशी? नाय. इथं? हां, थोडं. कमरेशी त्याचे अंगठे खोल गेले तेव्हा खरंच बरं वाटलं, इतकं बरं की तिला रडूच आलं असतं, एवढ्या महिन्यांत तिच्या अंगाला कुणी असा हात लावला नव्हता… मग तो पायांकडे सरकला असावा, कारण आवाज लांबून आला. इथं दुखतंय? नाय. आणि इथं? नाय. इथं?

‘नाय, बाबा. पायाला काय नाय माझ्या.’



‘मावशी, आत्ता मी कुठल्या पायावर दाबतोय?’

फरशी तशीच पांढरी होती. पुष्पलताने सगळं लक्ष खाली पाठवलं, मांडीपर्यंत, गुडघ्यापर्यंत, त्याच्या पुढे ते जाईना. पण उत्तर द्यायला हवं होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना गप्प बसून चालत नाही.

‘उजव्या,’ ती ठासून म्हणाली.

‘मी हात केव्हाच काढलाय, मावशी.’

तो ओरडला नाही. ओरडायला हवा होता, म्हणजे तिलाही चार शब्द ऐकवता आले असते. त्याने हात देऊन तिला उठवलं, पाणी दिलं, आणि पुन्हा तेच विचारलं, शुगर आहे ना? तिने मान हलवली. मग तो बोलत राहिला — मी मानेला झटका दिला असता, आणि कुठे काही दुखावलं असतं तर तुम्ही मला सांगू शकला नसता, तुमच्या ‘दुखतंय’वरच तर मला थांबायचं कळतं, एक्स-रे आणा, तुमच्या डॉक्टरांशी मला बोलू द्या, कमरेसाठी हलकं काही जमेल, पण ही बधिरता माझ्या हाताने जाणार नाही, उगाच आशा लावत नाही.

म्हणजे हाही तेच. शब्द तेवढे वेगळे. आणि तरी या वेळी चिडायला तिला काही सापडेना. धर्मेशवर चिडावं तर तो आईसाठीच धडपडत होता, डॉक्टरीणबाईंवर चिडावं तर त्यांनी बजावून सांगितलं होतं, आणि हा पोरगा — ह्याने तर फक्त दाबून बघितलं होतं.

‘बोटांचं पन तसंच हाय,’ ती एकदम म्हणाली. ‘मासली कलत नाय मना.’

त्याला त्यातलं किती समजलं कोण जाणे. ‘हे पण तुमच्या डॉक्टरांना सांगा,’ तो म्हणाला.

बाहेर येऊन तिने चपला वाकून, हाताने धरून, डोळ्यांनी बघून घातल्या. नाक्यावर पालघरची रिक्षा भरायची वाट बघत ती मागच्या सीटवर बसली. शिफ्ट सुटलेली माणसं हिंदीत एकमेकांना हाका मारत होती, कारखान्यांचा तो नेहमीचा आंबूस वास हवेत होता. घरी गेल्यावर रिद्धी विचारील. रिद्धी दांडी गावची, मासळीच्याच घरातली, लग्न होऊन आली तेव्हा किती हौसेने म्हणाली होती, आई, मी पन येते बाजाराला. आणि आपण तिला पाटीला हात लावू दिला नव्हता, एका पाटीत दोन हात कशाला म्हणून. आता तिला सांगायचं, चल, उद्या लिलावाला माझ्या शेजारी उभी राहा, तू दाब, मी बोली लावते… सांगता येईल? ती हसणार नाही, ते पक्कं. ती नीट दाबील, आणि तिला कळेलसुद्धा.

रिक्षा सुरू झाली. पुष्पलताने आपला अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दाबला, जोरात, नख पांढरं होईपर्यंत, आणि तिला त्या पोरीच्या बोटांचा असा हेवा वाटला, असा जळजळीत हेवा, की तेवढं मात्र तिला सगळ्या अंगभर कळत होतं.